सलामी संपेपर्यंत उभे राहिल्याबाबत

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
नाशिक शहर, नाशिक.

अर्जदार : मानद कॅप्टन बहिरू महादू खैरनार (तोफखान्यातून निवृत्त), वय ६६, राहणार बंगला क्र. १७, विजयदीप माजी सैन्य अधिकारी वसाहत, गंगापूर रोडलगत, नाशिक. मूळ गाव सटाण्याजवळ.

विषय : अर्जदाराच्या बारा बोअर एकनळी बंदुकीचे परवाना नूतनीकरण रद्द करून अर्जदाराविरुद्ध मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवण्यासाठी पुढे पाठवणेबाबत.

संदर्भ : १) परवाना तीन वर्षांसाठी वाढवून दिल्याचे आपले पत्र, नोव्हेंबर २००१. २) अर्जदाराने संबंधित पोलीस ठाण्यास दिलेले चार अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. आपल्या पत्रात शेवटी एक ओळ आहे : ‘आपल्यासारख्या देशसेवकाच्या हाती शस्त्र सुरक्षित आहे, याचा या कार्यालयास विश्वास वाटतो.’ अर्जदाराने ती ओळ चष्मा पुसून तीनदा वाचली. ती बरोबर नाही. दिनांक ९ जानेवारी २००१ रोजी सकाळी आठ वाजून काही मिनिटांनी अर्जदाराच्या हातातील याच बंदुकीने गेणू किसन विधाते, वय ४४, फूलशेती करणारे, यांचा जीव गेला. कागदोपत्री ते दारूच्या नशेत काटेरी तारेवर पडून मेले आहेत. गेणू दारू पीत नव्हते आणि तार त्यांच्यापासून वीस पावले लांब होती.

२. आमची वसाहत अठ्ठावीस बंगल्यांची. निवृत्त अधिकाऱ्याला इथे काही कमी पडत नाही. गुरुवारी कॅन्टीनची गाडी दारात येते, मंगळवारी डॉक्टर येतात, मुलीच्या लग्नाला हिरवळ फुकट, रविवारी पत्ते आणि तंबोला. सगळ्यात शेवटचा लाभ म्हणजे सलामी. सभासद वारला की तेराव्या दिवशी सकाळी वसाहतीच्या स्मृतिशिळेसमोर सहा परवानाधारक सभासद उभे राहतात, हवेत तीन फैरी झाडतात, पुष्पचक्र वाहतात आणि टेपरेकॉर्डरवर बिगुलाची शोकधून लावतात. धून संपेपर्यंत कोणी हलायचे नाही. सरकारी सलामी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून ब्रिगेडियर दिघावकरसाहेबांनी ही रीत पाडली. ते वसाहतीचे अध्यक्ष आहेत.

अर्जदार शिपाई म्हणून भरती झाला आणि सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाला. कॅप्टन ही पदवी निवृत्तीच्या वेळी मानाने मिळाली. त्यामुळे वसाहतीत अर्जदार ‘सहयोगी सभासद’. म्हणजे सभेत मत नाही, जेवणाला पंगत वेगळी आणि कामे पुष्कळ. खुर्च्या मांडणे, पुष्पचक्र आणणे, कॅसेट लावणे आणि काडतुसे रिकामी करणे, ही सर्व अर्जदाराची कामे. अर्जदारास याचा राग नव्हता. होता, असे अर्जदाराची पत्नी कुसाबाई म्हणतात.

३. काडतुसांबाबत. नुसत्या आवाजाची काडतुसे बाजारात मिळत नाहीत. म्हणून अर्जदार आदल्या दिवशी ओसरीत बसून एकेक काडतुसाचे तोंड चाकूने उकलत असे, छर्रे स्टीलच्या वाटीत ओतत असे, कापसाचा बोळा कोंबत असे आणि वर मेणबत्तीचे मेण सोडत असे. सहा बंदुका, तीन फैरी, अठरा काडतुसे. ८ जानेवारीला काम चालू असताना सेक्रेटरी कर्नल सबनीस फाटकातून ओरडले, “खैरनार, खुर्च्या बावीसच आहेत, पाहुणे चाळीस येणार आहेत, तुमचं लक्ष कुठे असतं?” अर्जदार खुर्च्या आणायला गेला. परत येऊन उरलेली काडतुसे केली. सतराच केली. अठरावे तसेच राहून केलेल्यांत मिसळले.

४. घटना. त्या दिवशी सलामी एका मेजरसाहेबांची होती. बंदूकधारी हुद्द्याप्रमाणे उभे राहतात. अर्जदार सहावा, म्हणजे डाव्या टोकाला, कुंपणालगत. कुंपणापलीकडे गेणू विधाते यांचा झेंडू. पुष्पचक्र त्यांनीच करून दिले होते. पहिल्या दोन फैरी ठीक झाल्या. तिसऱ्या वेळी “भर” असा हुकूम झाला. अर्जदाराने काडतूस घेतले तेव्हा अंगठ्याला मेण लागले नाही. मेण गळाले असेल, असे अर्जदाराने स्वतःला सांगितले. थांबून बघता आले असते. पण आदल्या वर्षी अशाच एका सलामीत अर्जदाराने “साहेब, जरा थांबा” म्हटले होते, तेव्हा ब्रिगेडियरसाहेब सर्वांसमोर म्हणाले होते, “सुभेदारसाहेब, इथे ऑफिसर उभे आहेत. हुकमाला हुकूम म्हणायला शिका.” चाळीस माणसे हसली होती. बायकाही हसल्या होत्या. ते हसू त्या सकाळी अर्जदाराच्या कानात होते.

बंदूक वर धरायची असते. अर्जदाराचे वय सहासष्ट आणि डावा खांदा आखडलेला. तिसऱ्या फैरीपर्यंत नळी खाली आली होती. नळीच्या टोकावरून गेणू दिसले. पहिला बार झाला की ते वाफ्यात काम सोडून सरळ उभे राहत, टोपी काढून हातात धरत आणि आमचे सगळे संपेपर्यंत तसेच थांबत. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशीही ते तसेच उभे होते. मी त्यांना पाहिले. “फायर” झाले. मी चाप ओढला.

(वर ‘मी’ असे लिहिले गेले आहे. ते खोडू नये.)

४. (पुन्हा) रिकामे काडतूस खांद्याला नुसते टेकते. भरलेले लाथ मारते. अर्जदाराच्या खांद्याला लाथ बसली तेव्हाच अर्जदारास सर्व कळले. त्यानंतर बंदुका खाली घेण्याचा हुकूम झाला आणि बंदुका खाली आल्या. “सावधान” झाले. कर्नल सबनीसांनी टेपचे बटण दाबले.

धून दोन मिनिटे चाळीस सेकंदांची आहे.

पहिले दहा सेकंद. गेणूंनी टोपी छातीशी धरली होती ती मानेवर दाबली. पांढरी टोपी.

वीस. ते गुडघ्यावर बसले. झेंडूची दोन झाडे मोडल्याचा आवाज आला. धुनेच्या दोन सुरांमधल्या खंडात इतका बारीक आवाज ऐकू आला, कारण कोणी हलत नव्हते.

पंचेचाळीस. रक्त बोटांतून उडत होते. ठोका पडावा तसे थांबून थांबून. अर्जदाराने तोफखान्यात असे रक्त पाहिले आहे. ते कसे दाबायचे याचे शिक्षणही घेतले आहे. आपल्या हाताखालच्या जवानांना तेच शिकवण्यात अर्जदाराची दहा वर्षे गेली.

एक मिनिट दहा. गेणू आमच्याकडे बघून म्हणाले, “साहेब.” मोठ्याने नाही. एकदाच.

एक मिनिट तीस. कोणी एक बाई पाहुण्यांमधून “अहो, तो बघा,” असे म्हणाली. तिच्या शेजारच्यांनी “श्श” केले.

दोन मिनिटे. ते कुशीवर पडले होते आणि पायाने माती उकरत होते. टाचेने एक चर पडला होता. वीतभर खोल.

दोन मिनिटे वीस. चर खोल होणे थांबले.

दोन मिनिटे चाळीस. “विश्राम.” तेव्हा अर्जदार धावला.

मंगळवारी येणारे तेच डॉक्टर पाहुण्यांमध्ये होते. तेही उभेच होते. अंगठा पहिल्या मिनिटात दाबला असता तर माणूस दवाखान्यापर्यंत टिकला असता, असे त्यांनी नंतर अर्जदारास एकट्याला सांगितले आणि लेखी द्यायला नकार दिला.

५. आपण विचाराल, अर्जदार का हलला नाही. १९७१ साली शेजारच्या तोफेवर गोळा पडला आणि तोफेवरची पाच माणसे उडाली. त्यातल्या एकाचा हात, घड्याळासकट, अर्जदाराच्या पायाशी येऊन पडला. अर्जदाराने मान वळवली नाही आणि आपली तोफ चालू ठेवली. त्याबद्दल अर्जदारास शाबासकी मिळाली, ती भिंतीवर लावलेली आहे. तेव्हा ते बरोबर होते. एकदा मिळालेली शाबासकी माणसाच्या अंगात किती खोल जाऊन बसते, हे अर्जदारास गंगापूर रोडला झेंडूच्या शेतात कळले.

६. (हा परिच्छेद अर्जदाराने लिहून फाडला आहे. त्यात अर्जदाराच्या चांगल्या नोकरीचा तपशील होता.)

७. पुढे काय झाले. मृतदेह हलवण्यापूर्वी ब्रिगेडियरसाहेब, कर्नल सबनीस आणि आणखी दोघे शिळेजवळ पाच मिनिटे बोलले. मग कुंपणाचा एक खुंट काटेरी तारेसकट उपटून प्रेताजवळ टाकण्यात आला आणि त्याला व तारेच्या काट्यांना रक्त लावण्यात आले. लावणारा हात अर्जदाराचा होता. हुकूम झाला होता. पंचनामा झाला. पंच वसाहतीतलेच. दुपारी चारला गेणूंना अग्नी दिला गेला.

रात्र पडायच्या आत ब्रिगेडियरसाहेब स्वतः बंगला क्र. १७ मध्ये आले. पंधरा वर्षांत प्रथमच. ते म्हणाले, “खैरनार, आपण एक युनिट आहोत. युनिटची गोष्ट युनिटमध्ये राहते. मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही तसूभर हलला नाहीत. वेल डन.” चहा न घेता गेले.

कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माहेरच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, “हात धुवा. तुमना हातले त्यानं रगत शे.” अर्जदाराने सांगितले की हात धुतले आहेत. त्या म्हणाल्या, “परत धुवा.” तेव्हापासून त्या अर्जदारास ताट वाढतात, पण अर्जदाराच्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेत नाहीत. अर्जदाराने खाली ठेवला की मग उचलतात.

८. लाभांबाबत. १५ ऑगस्ट २००१ रोजी अर्जदारास पूर्ण सभासद करण्यात आले. यासाठी अर्जदाराने सात वर्षांत सात अर्ज केले होते आणि सातही नामंजूर झाले होते. आठवा अर्ज केलाच नव्हता. अर्जदारास पहिल्या पंगतीत बसवले, टाळ्या झाल्या, चौकटीत घातलेले प्रमाणपत्र मिळाले. त्यात ‘वसाहतीच्या परंपरेशी अढळ निष्ठा’ असे शब्द आहेत. घरी आल्यावर कुसाबाईंनी ती चौकट पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याने फोडली. काचेचा एक तुकडा त्यांच्या तळहातात गेला, तो त्यांनी दातांनी ओढून काढला.

गेणूंच्या पत्नी झुंबरबाई यांनाही वसाहतीने लाभ दिला आहे. यापुढे सर्व सलामींची पुष्पचक्रे कायम त्यांच्याकडूनच घ्यावीत, असा ठराव झाला. कर्नल सबनीस ठराव सांगायला शेतावर गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा माणूस मारायचा, आन फुलं बी माझ्याच वावरातली? तुमाला लाज नाय का वाटत?” सबनीसांनी परत येऊन समितीला सांगितले की बाई भावनावश आहेत, पण दर मान्य आहे.

९. १९ ऑगस्ट रोजी अर्जदार झुंबरबाईंच्या घरी गेला आणि खरे ते सांगितले. मेणाचे, अंगठ्याचे, खुंटाचे, सगळे. गेणूंचे धाकटे भाऊ कुंदन टेम्पो चालवतात, ते अंगणात चाक बदलत होते. त्यांनी हातातील लोखंडी टॉमीने अर्जदारास मारले. पहिला फटका तोंडावर बसला, तीन दात गेले. दुसरा बरगडीवर. अर्जदार पडला. ते म्हणाले, “सात महिन्यांनी आठवण झाली व्हय म्हाताऱ्या? आमच्या दारात येऊन मन हलकं करतो? ऊठ! उभा ऱ्हा! सलामी दे आता! दे की!” अर्जदार उठला आणि सलामी दिली. तोंडातून रक्त येत असल्याने ती नीट झाली नाही. कुंदन यांनी पुन्हा मारले. तेव्हा झुंबरबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, “सोड त्याला. मेला तर त्यालाबी तारच लागली म्हणतील.”

मग त्यांनी अर्जदारास ओट्यावर बसवले, तोंड धुवायला पाणी दिले आणि आपले म्हणणे सांगितले. ते जसेच्या तसे देत आहे, कारण सरकारी मराठीत ते बसत नाही : “मला तुमचं रडणं नको. माझ्या माणसानं लग्नाच्या दिवशीसुदिक दारू पिली नाय. आन कागदावर तुमी त्याला बेवडा केलाय. माझ्या पोरीला सासरी ऐकवत्यात, तुझा बाप पिऊन तारंवर पडला. तेवढं पुसून द्या. लय उपकार होतील.” त्यांनी फडक्याची गाठ सोडून शिशाचे तीन थेंब दाखवले. सावडायच्या दिवशी राखेत सापडले होते. मोहरीएवढे, वितळून चपटे झालेले. तारेत शिसे नसते, एवढे त्यांना शाळेत न जाताही कळले होते.

सदर मारहाणीबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही आणि कुंदन विधाते यांच्यावर कारवाई होऊ नये. अर्थात ती होणारही नाही. त्याच संध्याकाळी वसाहतीच्या नोंदवहीत लिहिले गेले : ‘कॅप्टन खैरनार पाय घसरून पडले.’

१०. अर्जदाराने पोलीस ठाण्यास चार अर्ज दिले. तिथे अर्जदारास खुर्ची देतात, चहा देतात, हवालदार उठून सॅल्यूट करतो आणि म्हणतो, “साहेब, तुमच्या वयात असं होतं. माझे वडीलबी रिटायर झाल्यापासून असंच बोलतात.” साध्या माणसाला तक्रार नोंदवून घेण्यासाठी चपला झिजवाव्या लागतात, हे अर्जदार ऐकून होता. आपल्यावर तक्रार नोंदवून घेण्यासाठीही तेवढ्याच झिजतात.

११. म्हणून अर्जदाराने, ज्याची नोंद घ्यावीच लागेल, असा गुन्हा सर्वांसमोर करण्याचे ठरवले. दिनांक २३ सप्टेंबर रोजी पुन्हा सलामी होती. झुंबरबाईंच्या झेंडूचे पुष्पचक्र शिळेवर होते. फैरी झाल्या, “सावधान” झाले, धून सुरू झाली. दुसऱ्या सुरावर अर्जदार रांगेतून बाहेर पडला आणि बंदुकीच्या दस्त्याने टेपरेकॉर्डर फोडला. एका घावात फुटला नाही, पाच लागले. कर्नल सबनीसांनी मागून मिठी मारली तेव्हा अर्जदाराने दस्ता मागे फिरवला. त्यांचे नाक मोडले. रक्त त्यांच्या पदकांवरून खाली आले. ते “इडियट, इडियट” म्हणत खाली बसले आणि त्याच क्षणी सगळी रांग मोडली. सगळे त्यांच्याकडे धावले. कोणी रुमाल दाबला, कोणी मान वर धरली, त्याच डॉक्टरांनी बर्फ मागवला.

महोदय, सहा सेकंदांत धावले. अर्जदाराने मोजले.

पोलीस आले. अर्जदाराने दोन्ही हात पुढे केले. ब्रिगेडियरसाहेबांनी त्यांना बाजूला नेले. नोंद अशी आहे : ‘कर्नल सबनीस हिरवळीवर पाय घसरून टेपरेकॉर्डरवर पडले.’ जप्त केलेली बंदूक दुसऱ्या दिवशी पुसून, तेल घालून घरपोच आली. दीड महिन्याने आपले नूतनीकरणाचे पत्र आले.

या वसाहतीत एका वर्षात तीन माणसे रक्तबंबाळ झाली आणि कोणी कोणाला मारले नाही. सगळे घसरले. जमीन मात्र सपाट आहे. अर्जदाराने स्वतः रोलर फिरवला आहे.

१२. तरी विनंती की,

(क) अर्जदाराचा परवाना रद्द व्हावा. बंदूक सोबत आणत आहे. ती परत पाठवू नये.

(ख) पंचनाम्यातील ‘दारूच्या नशेत’ हे शब्द आधी काढावेत. बाकीची चौकशी वर्षभर चालली तरी चालेल. हे शब्द आधी.

(ग) खुंटाला रक्त अर्जदाराने लावले, हेही नोंदवावे. हुकूम कोणाचा होता ते विचारल्यास अर्जदार सांगेल, पण हुकूम होता म्हणून शिक्षा कमी करू नये.

(घ) निर्णयापूर्वी अर्जदाराचा मृत्यू झाल्यास सलामी देण्यात येऊ नये.

(ङ) सोबत त्या धुनेची कॅसेट जोडली आहे. टेपरेकॉर्डर फुटला तरी ती फुटली नाही. अर्जदार सोमवार दिनांक १७ डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात हजर राहील. झुंबरबाई सोबत येतील, पण कॅसेट चालू असताना त्या आत थांबणार नाहीत, बाहेर बाकावर बसतील. आपण कृपया उभे राहावे आणि ती शेवटपर्यंत ऐकावी. दोन मिनिटे चाळीस सेकंद किती असतात, हे अर्ज वाचून कळत नाही.

मध्येच आपणास खुर्चीवर बसावेसे वाटले, फोन घ्यावासा वाटला, किंवा उठून बाहेरच्या बाकापर्यंत जावेसे वाटले, तर अवश्य जावे. अर्जदार त्यास बेअदबी समजणार नाही. धून चालू असतानाही पाय उचलता येतो, एवढेच अर्जदारास त्या सकाळी सुचले नव्हते.

शिक्षेच्या प्रतीक्षेत, आपला,

बहिरू महादू खैरनार
(‘मानद कॅप्टन’ हे शब्द अर्जाच्या डोक्यावर ओळख पटावी म्हणून लिहिले आहेत. सहीत लिहिलेले नाहीत.)

नाशिक, दिनांक १० डिसेंबर २००१

सोबत :
१. वापरलेले काडतूस, एक. तोंडाला मेण नाही.
२. कॅसेट, एक.
३. शिशाचे थेंब, दोन. तिसरा झुंबरबाईंनी स्वतःजवळ ठेवला आहे.
४. फुटलेल्या चौकटीतील सभासद प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत करण्यासाठी.
५. झुंबरबाई गेणू विधाते यांचे निवेदन, अंगठ्यासह. लिहून घेणार कुसाबाई खैरनार.
६. गेणू विधाते यांची टोपी. जोडलेली नाही. झुंबरबाईंनी ती धुतलेली नाही आणि अर्जदाराने मागितलेली नाही.